जर्मन येत नसताना जर्मनीत अकाउंट्सची नोकरी: कुणाला मिळाली आहे का?

अबोली_के:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याला स्टुटगार्टजवळ गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालंय. त्याचं ब्लू कार्डाचं (शिकलेल्या परदेशी लोकांचा नोकरीचा परवाना) काम झालंय, तो महिन्याभरात जाईल. मी आणि मुलगी (वय वर्षं चार) दिवाळी करून निघू. मी एम.कॉम., खराडीतल्या एका शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. सुरुवात एपीमध्ये, म्हणजे व्हेंडरची बिलं. आता जनरल लेजर आणि मंथ-एंड क्लोजिंग. सॅप एफआय (कंपन्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर) रोज हाताखाली. क्लायंट युरोपातलाच, त्यांच्याशी सगळे कॉल इंग्रजीत.

सध्या दोन टोकांची मतं कानावर येताहेत. नवऱ्याच्या टीममधले म्हणतात, "काही लागत नाही वहिनी, सगळे इंग्रजी बोलतात." (सांगणारे सगळे कोडर आहेत.) माझी मावसबहीण फ्रांकफुर्टला असते, ती म्हणते जर्मन नसेल तर घरी बसायची तयारी ठेवून ये. व्हिसाला जर्मनची अडचण नाही, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए१ परीक्षेची (जर्मनची पहिली पायरी; पुढे ए२, बी१, बी२) अट नसते आणि पोचल्या दिवसापासून कामाची परवानगीही असते. म्हणजे कागदावर सगळं मोकळं आहे. नोकरीचं काय?

अकाउंट्समध्ये जर्मनशिवाय काम मिळालेलं कुणी आहे का? नसेल, तर किती जर्मनवर दार उघडतं? "भाषा शिकणं कधीही चांगलंच" हे उत्तर कृपया नको, ते मलाही येतं.

खटपट्या:

आयटीत असाल तर हो, अकाउंट्समध्ये असाल तर नाही. संपला धागा. आता चांगली मिसळ कुठे मिळते त्यावर बोलू.

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

खटपट्या, थांबा की जरा.

अबोली, मी स्टुटगार्टच्या शेजारीच राहतो आणि कंट्रोलिंगमध्ये (कंपनीच्या खर्चावर आणि बजेटवर नजर ठेवायचं काम) आहे, म्हणजे तुमच्याच भावकीतला. "सगळे इंग्रजी बोलतात" हे खोटं नाही. पण तुम्ही केलेलं काम शेवटी वाचणार कोण, त्यावर सगळं ठरतं. तुमच्या यजमानांचा कोड मशीन वाचतं आणि फार तर बंगलोरची टीम वाचते. तुमचं काम वाचणार फिनान्झाम्ट, म्हणजे इथलं कर कार्यालय, शिवाय ऑडिटर आणि बँक.

कायदाच बघा. इथल्या व्यापारी कायद्याचं, एचजीबीचं, कलम २४४ सांगतं की वार्षिक ताळेबंद जर्मन भाषेत आणि युरोमध्येच तयार करायचा. करप्रक्रियेच्या कायद्यात कलम ८७ आहे, त्यानुसार कार्यालयाची भाषा जर्मन. गंमत म्हणजे रोजच्या नोंदी कुठल्याही 'जिवंत भाषेत' ठेवायला मुभा आहे (एचजीबी, कलम २३९). पण शेवट जर्मनमध्येच होतो.

त्यात स्टुटगार्टचा भाग म्हणजे मध्यम आकाराच्या, घराण्यांच्या मालकीच्या कंपन्यांचं आगर. अशा कंपन्यांचे हिशेब बहुतेक वेळा बाहेरचा कर सल्लागार बघतो, आणि तो डाटेव नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्याचा मेनू जर्मन, खात्यांची क्रमवारी जर्मन (एसकेआर ०३ आणि ०४ हे शब्द आत्ताच लिहून ठेवा), ग्राहकांचे फोन जर्मन. तिथे इंग्रजीवर शिरकाव नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता तुमच्यासाठी काय उरतं? बरंच उरतं, पण ते मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत आहे. ग्रुप रिपोर्टिंग, आयएफआरएस (हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम), कन्सॉलिडेशन, इंटरकंपनी. आणि तुमचं सॅप. सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, मुख्य मेन्टेनन्स २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे एस/४ हाना या नव्या आवृत्तीवर जायची सगळीकडे धावपळ चालू आहे. या प्रोजेक्टवर 'एफआयची प्रोसेस आतून माहीत असलेला माणूस' हवा असतो, आणि टीममधला अर्धा भाग भारतात किंवा पोलंडमध्ये बसलेला असल्याने मीटिंग इंग्रजीत होतात. अकाउंटंट म्हणून अर्ज करू नका, सॅप फायनान्सवाली म्हणून करा. काम तेच, दार वेगळं.

ताकपिठं:

जिवंत भाषेत वह्या ठेवायला परवानगी?? म्हणजे मराठीत रोजमेळ लिहिला तर चालेल? आमच्या आजोबांची मोडीतली कीर्द-खतावणी घेऊन येतो स्टुटगार्टला.

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

मराठीत चालेल. पण कर कार्यालय भाषांतर मागू शकतं, आणि तो खर्च आजोबांच्या वारसांचा.

रत्नांग्री_ते_दोहा:

मी काय म्हणतो, हे सगळं युरोपाचं दुखणं आहे. आम्ही आखातात दोन पिढ्या आहोत. वडील कुवेतला होते, मी आधी दुबई, आता कतार. अरबी म्हणाल तर सलाम-दुवा आणि 'खलास', पुढे काही नाही. अडलं का? नाही. साइटवर हिंदी-उर्दू चालते, फोरमन मल्याळी, स्टोअरवाला नेपाळी, इंजिनियर इंग्रजी. यूएईत स्थानिक नागरिक लोकसंख्येच्या दहाएक टक्के, तेव्हा बाजारातही अरबीवाचून खोळंबा होत नाही.

पण एक गोष्ट खरी. तिकडे भाषा लागत नाही, कारण तिकडे तुम्हाला कुणी कायमचं राहायला बोलावलेलंच नाही. नोकरी संपली की व्हिसाचा धागा तुटला, सामान बांधा. मुलं भारतीय शाळेत शिकतात, सीबीएसई देतात, कॉलेजला पुण्या-मुंबईला येतात. तुम्ही लोक मुलीला तिकडच्या शाळेत घालणार, पासपोर्टपर्यंत जाणार, म्हणून ते तुमच्याकडून भाषा मागतात. हिशेब चोख आहे.

बाकी आखातात जाणाऱ्या कुणी वाचत असेल तर: पासपोर्टवर ईसीआर (कामाला बाहेर जायला सरकारी परवानगी लागते असा शेरा) असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेल्याच एजंटकडून जा. त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. लाख मागणारा चोर समजा. यूएईत जाणार असाल तर कामाचा करार अरबी आणि इंग्रजीखेरीज हिंदीतही मागता येतो, तो मागून घ्या. वाद झाला तर अरबी मजकूरच धरतात, पण निदान कशावर सही करतोय ते तरी कळतं.

हट्टी_मास्तर:

पुण्यात जर्मन शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. धागाकर्तीने नको म्हटलेलं उत्तर मी देणार नाही, वेळेचा हिशेब देतो.

बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जा, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जा, नाहीतर घरी शिक्षक ठेवा. नोकरी करणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या माणसाचं दिवाळीपर्यंत ए१ नीट होईल आणि ए२ सुरू होईल. "तीन महिन्यांत बी२" अशा पाट्या आजकाल डेक्कनपासून निगडीपर्यंत लागल्या आहेत. त्या पाटीखाली शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. परीक्षेतले नमुना संवाद त्यांना पाठ असतात. समोरच्याने एक वाक्य वेगळं बोललं की गाडी बंद.

आणि जर्मनीत जाऊन आपोआप कानावर पडून भाषा येते, हा समज सोडा. घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी, सुपरमार्केटात सेल्फ चेकआउट. कानावर पडणार कुठून?

खटपट्या:

मास्तर, माझा शाळूसोबती आठ वर्षं बर्लिनला आहे, त्याला जर्मनमध्ये बिअर मागता येते तेवढंच. स्टार्टअपमध्ये आहे, मजेत आहे. प्रत्येकाने गटे वाचायला हवा असं नाही.

हट्टी_मास्तर:

आपल्या मित्राला घरमालकाचं पत्र आलं तर तो ते कुणाकडून वाचून घेतो, तेवढं विचारून सांगा.

खटपट्या:

विचारलं. मोबाइलचा कॅमेरा धरतो म्हणाला. काळ बदललाय मास्तर.

लपून_वाचणारा:

नाव बदलून लिहितोय, समजून घ्या.

मी असाच कॅमेरा धरणारा माणूस. २०१९ ला आलो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या सप्लायरकडे, एम्बेडेड टेस्टिंगला. टीममध्ये अकरा देशांचे लोक, सगळं इंग्रजीत. पगार चांगला, काम आवडीचं, संध्याकाळी क्लासला जाण्याइतका जीव उरत नव्हता. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, त्या वर्षांत पुण्याचा फ्लॅट फेडला.

मागच्या वर्षी आमचा विभागच बंद झाला. इथला वाहन उद्योग सध्या कसा चाललाय ते पेपरात येतंच; गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ पर्यंत जर्मनीत १४,००० पर्यंत नोकऱ्या कमी करणार. अशा वेळी बाजारात एकदम शेकडो अनुभवी लोक येतात. कामात माझ्यासारखेच, आणि वर जर्मन बोलणारे. २०१९ मध्ये माझ्यासाठी भाषेची अट बाजूला ठेवणारी कंपनी आता का ठेवेल? तिला रांगेतून निवडायचंय. तेव्हा भाषा लागली नाही, कारण माणसं मिळत नव्हती. हे नियम नव्हेत, हा बाजारभाव आहे आणि तो रोज बदलतो.

दोन गोष्टी कामाच्या सांगतो. एक, नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो. मुदत गेली की संपलं, मग काढणं चूक का बरोबर हे कुणी बघत नाही. माझं पत्र अर्थातच जर्मनमध्ये होतं, सोबत सहीसाठी दुसरा कागद. सही न करता वकिलाकडे गेलो म्हणून भरपाई तरी बरी मिळाली. दुसरं, ए१ चं प्रमाणपत्र. चेष्टेचा विषय वाटतो, पण ब्लू कार्डवाल्याला ए१ वर कायमचं वास्तव्य मिळतं. माझ्या वेळी ३३ महिने काम लागायचं, नोव्हेंबर २०२३ पासून २७ महिने, आणि बी१ असेल तर २१. मी ते वेळेत करून ठेवलं होतं, म्हणून नोकरी जाऊनही देश सोडावा लागला नाही. सोबतच्या एकाने केलं नव्हतं, तो परत गेला.

अबोलीताई, तुमच्या यजमानांना हे दाखवा. प्रश्न तुमच्या नोकरीचा एकटीचा नाही.

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

वरच्या प्रतिसादाला दंडवत. कराराबद्दल एक जोड. "मला जर्मन येत नव्हतं, कळलं नाही" हे कोर्टात चालत नाही. २०१४ मध्ये एका पोर्तुगीज ट्रकचालकाच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने तेच सांगितलं. न कळणाऱ्या भाषेतल्या करारावर सही केलीत तर तो करार तुमच्यावर बंधनकारक आहे.

हमखास_जर्मनी_जॉब:

[हा प्रतिसाद जाहिरात असल्याने प्रशासनाने काढला आहे.]

ताकपिठं:

काढायच्या आधी वाचला. "भाषा नको, अनुभव नको, ४५ दिवसांत जर्मनी." पासपोर्ट तरी हवा म्हणाले, हे नशीब.

बीड_बायपास:

दादा-ताई, मधेच घुसतो. छत्रपती संभाजीनगरला मेकॅनिकल डिप्लोमा करून वाळूजमध्ये मेन्टेनन्सला तीन वर्षं आहे. वय २५. एक एजंट म्हणतो चान्सेनकार्टवर (नोकरी शोधायला जायचं जर्मन कार्ड) पाठवतो, जर्मन लागत नाही, इंग्रजी बी२ चालतं, चार लाख दे. खरं आहे का?

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. जून २०२४ पासून हे कार्ड सुरू झालं. किमान अट जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, हे बरोबर. शिवाय सहा गुण जमवावे लागतात. तुझं वय ३५ च्या आत, त्याचे दोन; गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा संबंधित अनुभव, त्याचे दोन. उरलेले दोन जर्मनमधून सहज येतात: ए२ ला एक, बी१ ला दोन, बी२ ला तीन. म्हणजे भाषा लागत नाही म्हणणारी योजनासुद्धा गुण भाषेलाच देते.

पण हे कार्ड नोकरी देत नाही, ती शोधायला एक वर्ष देते. त्या वर्षात आठवड्याला २० तास फुटकळ काम करता येतं. राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात, २०२५ साठी महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर. एजंटचे चार लाख त्याच्या वेगळे. अर्ज तू स्वतः ऑनलाइन भरू शकतोस, फी ७५ युरो. आणि मेन्टेनन्सच्या माणसाला वर्कशॉपमध्ये जर्मनशिवाय कोण घेईल? मशीन बंद पडलं की ऑपरेटर येऊन काय झालं ते सांगणार, तो इथल्या स्वाबियन बोलीत सांगणार. चार लाखांतले थोडे क्लासला घाल, बी१ कर, मग बघ. कामात तू भारी असशील, तुझ्या ट्रेडला मागणीही आहे.

हट्टी_मास्तर:

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी (स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याच्याशी) कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हाही आधी जर्मन शिकवायचं आणि मग पाठवायचं, असंच ठरलं होतं. नर्स असो, वायरमन असो. जिथे हाताने काम आहे तिथे तोंडाने बोलावंच लागतं.

मिरजेची_नर्स:

मास्तरांनी नर्सचं नाव काढलं म्हणून लिहिते. मी मानहाइमला आहे. मूळ मिरजेची, दवाखान्यांच्याच गावची.

आमच्यात पळवाट नाही. बहुतेक जण बी१ वर येतात, पण नोंदणीकृत नर्स म्हणून कागद मिळायला बी२ लागतं, आणि वर शिक्षणाची तुलना करून एकतर ज्ञानाची परीक्षा नाहीतर काही महिन्यांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण. तोवर मदतनीस म्हणून काम, मदतनीसाचा पगार. आठ वर्षं आयसीयू सांभाळलेल्या बाईला अंग पुसणं आणि ताटं उचलणं, हे मनाला लागतं, खोटं कशाला बोलू. पण का ते इथे आल्यावर पटलं. रात्रपाळीला फोनवर डॉक्टर औषधाचा डोस सांगतो. तिथे "परत सांगता का" किती वेळा म्हणणार? आणि म्हातारे पेशंट बोलीत बोलतात, दात काढून ठेवलेले असतात.

नर्सताईंनो, एजंटला पैसे देऊ नका. नोकरी देणारं रुग्णालयच भाषेचा, प्रवासाचा खर्च करतं अशा योजना आहेत. केरळच्या मुली तिथल्या सरकारच्या नोर्का या संस्थेमार्फत ट्रिपल विन नावाच्या योजनेत येतात, त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत. करारात मात्र बघा, मधेच सोडलं तर खर्च परत करा असं कलम असतं.

अबोली_के:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. लपून_वाचणारा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला पाठवला, त्याने वाचून नुसतं "हं" लिहिलं. पण रात्री ए१ च्या बॅचच्या तारखा बघत होता.

मु_पो, सॅपवालं पटलं. सीव्ही तसा फिरवून लिहायला घेते. एक शंका: जाहिरातीत जर्मन मागितलेलं असतं तेव्हा ते कितपत खरं असतं? आपल्याकडे 'उत्कृष्ट इंग्रजी' लिहितात आणि मुलाखत हिंदीत घेतात.

ओवी_आइंडहोवेन:

मधे तोंड घालते: जर्मनीच का? नवऱ्याची नोकरी तिथे म्हणून, कळतं. पण कधी बदलायचं झालं तर आमच्या नेदरलँड्सकडे बघा. इथे सगळी मुलाखत, करार, ऑफिसातलं जेवण इंग्रजीत. आमच्या भागात चिप बनवायच्या यंत्रांची एएसएमएल आहे, तिच्या आणि तिच्या पुरवठादारांच्या जोरावर अख्खा गाव परदेशी झालाय. कुशल स्थलांतरितांना आणायचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी आयएनडीच्या, म्हणजे इथल्या स्थलांतर खात्याच्या, संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. ती उघडायची आणि एकेका कंपनीला अर्ज करायचा, एजंटबिजंट काही नाही.

अडचण घराची. नोकरी इंग्रजीत मिळते, घर कुठल्याच भाषेत मिळत नाही.

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

ओवीताई, पटलं. एकच म्हणतो, डच लोक इंग्रजीत बोलायला लागतात म्हणून परका माणूस वीस वर्षं परकाच राहतो, असं तिथल्याच मित्रांकडून ऐकलंय.

अबोली, जाहिरातीचं. पहिली खूण म्हणजे जाहिरात कुठल्या भाषेत आहे. पूर्ण जर्मनमध्ये असेल तर काम जर्मनमध्ये, तिथे नशीब आजमावू नका. इंग्रजीत असून खाली जर्मन 'फॉन फोर्टाइल' म्हणजे असल्यास उत्तम, असं असेल तर बिनधास्त अर्ज करा. 'फेरहांडलुंग्सझिशर' दिसलं, तर त्यांना वाटाघाटी करणारा माणूस हवाय, सोडून द्या. या दोन्हींच्या मधे 'गुटे केन्टनिसे' असतं, तिथे बी१ वर बोलावलेले लोक मी स्वतः घेतले आहेत. आणि फक्त स्टुटगार्ट धरून बसू नका. फ्रांकफुर्ट आगगाडीने दीड तासावर, बँका आणि फंडांचं गाव, युरोपियन सेंट्रल बँकेचं कामकाजच इंग्रजीत. आठवड्याला दोन दिवस ऑफिस आणि बाकी घरून अशी कामं तिथे मिळतात. लक्झेंबर्ग तर फंड अकाउंटिंगची पंढरी, काम इंग्रजीत, पण ते रोजच्या अंतरावर नाही.

माहेर_नाशिक_हमु_म्युनिक:

अबोली, तू विचारलंयस ते मी केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

मीही नवऱ्याच्या ब्लू कार्डवर आले. नाशिकला सीएच्या ऑफिसात होते, टॅक्स आणि टॅली. सॅप नव्हतं, म्हणजे तुझ्यापेक्षा माझी बाजू लंगडी. आल्या आल्या इंग्रजीत अर्ज सोडत सुटले. उत्तरं यायची, ती एकाच साच्यातली: आपल्या रसाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. वर्षाच्या आत मी ते तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

मग इंटिग्रेशन कोर्स लावला, ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, समाज वगैरे, सरकारी सवलतीत. वर्गात सीरियाचा दंतवैद्य, युक्रेनच्या दोन शिक्षिका, ब्राझीलची वकील. घरी बसून मला वाटायचं आपणच तेवढ्या बिनकामाच्या झालो, तिथे कळलं सगळे एका माळेचे. बी१ झाल्यावर रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते: नोकरी शोधणाऱ्यांसाठी बी२ चा कामाच्या भाषेचा कोर्स सरकारी खर्चाने असतो, बेरुफ्सश्प्राखकुर्स म्हणतात. त्यात इनव्हॉइसवरची तक्रार कशी लिहायची, फोनवर पेमेंटची आठवण कशी द्यायची, हेच शिकवतात. आपलंच काम की ते.

पहिली नोकरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीमार्फत, एपीमध्ये, बी२ चा निकाल यायच्या आधी. मुलाखत अर्धी जर्मन अर्धी इंग्रजी झाली. बॉसने शेवटी एवढंच विचारलं, "व्हेंडरने फोनवर आरडाओरडा केला तर?" मी म्हटलं, नाशिकला मार्च एंडला बसलेली आहे. हसला. घेतलं. पगार नाशिकमधल्या अनुभवाला साजेसा नव्हता, फ्रेशरच्या वर थोडा. दोन वर्षांनी आता पक्की आहे आणि एप्रिलपासून टीम लीड.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: अकाउंट्सला बी१ वर दार किलकिलं होतं, बी२ वर उघडतं. सॅप असेल तर ए२ वरही कुणी डोकावू देईल.

आणि पहिल्या पगाराच्या स्लिपला घाबरू नकोस. पगारातून किती कर कापायचा ते इथे कर वर्गावर ठरतं. नवरा कर वर्ग तीनमध्ये असला की तू पाचमध्ये, कापलेला कर बघून रडू येतं. दोघांनी चार-चार घेता येतो, वर्षाच्या रिटर्नला सगळं सारखंच होतं. पण तुझ्या नावावर दिसणारा पगार वाढतो, आणि पुढे बेकारी भत्ता किंवा बाळंतपणाच्या रजेचा भत्ता लागला तर तो त्या हातात येणाऱ्या पगारावरच मोजतात.

हट्टी_मास्तर:

हा प्रतिसाद माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

माहेर_नाशिक_हमु_म्युनिक:

दाखवा सर, फक्त व्याकरणाच्या चुका काढू नका.

अबोली_के:

ताई, तुमच्यासाठी काय लिहू कळत नाही. मार्च एंडचं उत्तर मीही वापरणार.

सध्याचं ठरलंय ते असं. मॅक्सम्युलरच्या शनिवार-रविवारच्या बॅचला नाव घातलं, नवऱ्याने तिकडे संध्याकाळची बॅच धरलीये. इथल्या ऑफिसात एस/४ च्या मायग्रेशनची एक टीम आहे, निघेपर्यंत तिथे बदली मागितली आहे. बॉस बघतो म्हणाला. एसकेआर ०३ ची यादी छापून फ्रिजवर लावली, सासूबाई विचारताहेत हे कसलं वेळापत्रक. फ्रांकफुर्टच्या इंग्रजी जाहिराती मावसबहीण पाठवणार आहे, तिला हा धागाही दिला.

आता राहिली मुलगी. मी कोर्सला जाणार तर तिला किटा, म्हणजे पाळणाघर-बालवाडी, हवा. स्टुटगार्टकडे जागा मिळत नाहीत म्हणतात, खरं का? नाव आत्तापासून घालता येतं का?

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

कायद्याने एक वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागेचा हक्क आहे, २०१३ पासून. हक्क आहे, जागा नाहीत. तीन वर्षांवरच्या मुलांचं त्यातल्या त्यात बरं असतं. यजमान पोचून पत्ता नोंदवतील, त्याच दिवशी गावाच्या पोर्टलवर मुलीचं नाव घालायला सांगा, तुम्ही यायची वाट बघू नका. एक किटा धरू नका, पाच-सहा टाका. चर्चच्याही असतात, त्या सहसा इतर धर्मांची मुलंही घेतात, बिनधास्त टाका. जमलं तर त्यांना प्रत्यक्ष जाऊन मुख्य बाईंना भेटायला सांगा, ईमेलवर कुणी उत्तर देत नाही.

खटपट्या:

कुठल्या भाषेत भेटायचं?

मु_पो_लुडविग्सबुर्ग:

त्यांची संध्याकाळची बॅच सुरू होतेय ना. पहिला गृहपाठ मिळाला समजा.